बर्फ ढकलता येतो, चिखल नाही

बर्फ ढकलण्यात जे समाधान आहे ते दुसऱ्या कुठल्याही कामात नाही, असं माझं ठाम मत आहे. कोड लिहिण्यात तर नाहीच नाही. दिवसभर राबून कोड लिहिला तरी संध्याकाळी हाताला काय लागलं ते दाखवता येत नाही. बर्फाचं तसं नसतं. पुढे पांढरं, मागे काळं. मागे वळून बघितलं की आपण केलेलं काम डांबरावर सरळ पट्ट्यात दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, वऱ्हाडातला माणूस आणि बर्फ? बरोबर आहे. गाव दर्यापूर तालुक्यात, शाळा-बारावी अकोल्याला, इंजिनिअरिंग अमरावतीला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बातमी होत नाही, नाही गेला तर होते, अशा भागातला मी. बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या पोत्यातला. तो गोणपाटात गुंडाळून ठेवायचा असतो, ढकलायचा नसतो.

पण २०२२ च्या दिवाळीनंतर कंपनीने ऑनसाइटला पाठवलं, मिनियापोलिसला. आणि हिवाळाही असा निवडला की त्या मोसमात शहरात एकूण ९० इंच बर्फ पडला. साडेसात फूट! शहराच्या नोंदींमध्ये हा तिसऱ्या नंबरचा हिवाळा. नशीब म्हणतात ते हेच.

माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, तिथे बरीच वर्षं आहे. शहरापासून चाळीस मिनिटांवर त्याचं घर. झाडी, मोकळी जागा, आणि रस्त्यापासून गॅरेजपर्यंत दोनशे फुटांचा ड्राइव्हवे. जूनमध्ये घर बघायला गेले तेव्हा वहिनीला हा लांबलचक ड्राइव्हवे फार आवडला होता म्हणे. डिसेंबरमध्ये तिने त्यावर जे मत दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. :)

पहिला हिवाळा दादाने फावड्याने काढला, दुसरा हाताने ढकलायच्या स्नोब्लोअरने, आणि तिसऱ्याला एक जुनी एटीव्ही विकत घेतली. एटीव्ही म्हणजे ऑल-टेरेन व्हेइकल. आपल्याकडे रिसॉर्टमध्ये वीस मिनिटांचे पैसे घेऊन फिरवतात ती फुगीर टायरची चारचाकी मोटरसायकल. तिच्या पुढे पाच फुटांचं लोखंडी पातं लावलेलं. पातं विंचच्या दोरीने वर-खाली होतं, डावी-उजवीकडे तिरपं करता येतं.

या गाडीचाही थोडा इतिहास आहे. होंडाने १९७० साली अमेरिकेत तीन चाकांची आणली. ती पुढे इतकी उलटू लागली की १९८८ मध्ये कंपन्यांनी तिथल्या सरकारशी तडजोड करून तीनचाकी विकणं बंद केलं. दरम्यान सुझुकीने १९८२ मध्येच चार चाकांची आणली होती, आणि १९८५ पासून मिनेसोटाच्याच पोलारिसनेही अशा गाड्या काढायला सुरुवात केली. पोलारिस ही मुळात कॅनडाच्या सीमेजवळच्या रोझो नावाच्या छोट्या गावातली, बर्फावरच्या गाड्या करणारी कंपनी. थोडक्यात, एटीव्ही निघाली मजेसाठी आणि अडकली कामात. आपल्या सगळ्यांचं होतं तसंच.

दादाने मला ती चालवायला शिकवली. नियम सोपे आहेत. बर्फ पडून संपायची वाट बघायची नाही, तीन-चार इंच झाला की एक फेरी मारायची. पातं थोडं तिरपं धरायचं म्हणजे बर्फ पुढे न साचता बाजूला पडत जातो. मागच्या कॅरिअरवर वाळूच्या पिशव्या टाकायच्या, म्हणजे मागच्या चाकांना पकड येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या बर्फापासूनच कडेचा ढीग जितका लांब नेता येईल तितका न्यायचा. ढीग रात्रीत गोठून दगड होतो, मग जानेवारीत नवीन बर्फ टाकायला जागाच उरत नाही आणि ड्राइव्हवे दर आठवड्याला फूटभर अरुंद होत जातो.

एकदा बसून हिशोब केला (इंजिनिअरला दुसरं काय येतं?). दोनशे फूट लांब, बारा फूट रुंद म्हणजे २४०० चौरस फूट. आठ इंच बर्फ म्हणजे साधारण ४५ घनमीटर. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरला शंभर किलो धरला तरी साडेचार टन. फावड्याने साडेचार टन! एटीव्हीने चाळीस मिनिटं. त्यातली दहा मजेची.

पण खरं सांगू का, मला त्या मशीनपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं जास्त कौतुक वाटलं. तिथे प्रत्येक फुटाला कोणीतरी वाली आहे.

मोठा रस्ता शहराचा किंवा काउंटीचा किंवा राज्याचा. त्यांचे नारिंगी ट्रक रात्रभर फिरतात. राज्याच्या वाहतूक खात्याने २०२०-२१ च्या हिवाळ्यात लोकांकडून या ट्रकांसाठी नावं मागवली आणि पहिल्याच वर्षी 'प्लावी मॅकप्लावफेस' जिंकलं. (बाबांना सांगितलं तर म्हणाले, मंग काय झालं, आपल्या बैलायले नावं नसतात काय?) घरापुढची पायवाट घरमालकाची. मिनियापोलिस शहरात बर्फ थांबल्यापासून २४ तासांत ती साफ करावी लागते, दुकानदाराला तर दिवसाचे चार तासच मिळतात. ड्राइव्हवे आपला. आपला बर्फ ढकलून सार्वजनिक रस्त्यावर टाकणं मिनेसोटात कायद्याने बंद.

आणि गंमत म्हणजे, शहराचा ट्रक रस्ता साफ करत जातो तेव्हा ड्राइव्हवेच्या तोंडाशी त्याच्या पात्यातून सांडलेला बर्फाचा बांध सोडून जातो. दोन-तीन फूट उंच, ढेकळं-ढेकळं. तुम्ही नुकतंच सगळं चकाचक केलेलं असतं. तो बांधही तुम्हीच काढायचा. दादा दर वेळी शिव्या घालायचा आणि दर वेळी काढायचा. 'सरकारने टाकला, सरकार काढेल' असं म्हणत बसलेला माणूस मी तिथे पाहिला नाही. बसला तर त्याची गाडी बाहेर निघत नाही, एवढं साधं आहे ते.

एका रविवारी बर्फ ढकलता ढकलता मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना पातं दाखवलं. बाबांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "हे त वखर होय. पास पुढं लावली त्यायनं."

पास म्हणजे वखराचं लोखंडी पातं. मी हे तोवर लक्षातच घेतलं नव्हतं. शेतकऱ्याने एका नजरेत ओळखलं.

मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आपल्या पांदनीत चालन काय रे हे?"

तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

ज्यांना पांदण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांदण म्हणजे गावापासून वावरापर्यंत जाणारी वाट. सरकारी कागदात पाणंद. दोन्ही बाजूंनी वावरांचे धुरे, मधून बंडीची चाकोरी. आमची पांदण साधारण सव्वा किलोमीटर. उन्हाळ्यात धूळ आणि भेगा. पण मृगाचे दोन पाऊस झाले की ती रस्ता राहत नाही. आमचा भाग पूर्णेचा, खारपाणपट्टा. काळी माती, त्यात क्षार, पाणी मुरत नाही. चप्पल घातली तर चप्पल तिथेच राहते, काढली तर पायाला दोन-दोन किलो माती चिकटते. मोटरसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल भरून चाक जाम होतं. ट्रॅक्टर गेला तर गुडघाभर घळ करून जातो, आणि पुढच्या माणसाची वाट बंद करून जातो.

मग खत कसं न्यायचं? पोतं पांदणीच्या तोंडाशी उतरवायचं आणि डोक्यावर न्यायचं. युरियाचं पोतं ४५ किलो, डीएपीचं ५०. बाबांचं वय ६१. २०२३ च्या जुलैमध्ये त्यांची कंबर धरली आणि ते तीन आठवडे खाटेवरून उठले नाहीत. हे मला त्यांनी सांगितलं नाही, आईने सांगितलं, तेही महिनाभराने. मी तेव्हा मिनियापोलिसच्या ऑफिसात एका डॅशबोर्डचा रंग निळा ठेवावा की हिरवा यावरच्या मीटिंगमध्ये बसलो होतो.

ऑक्टोबरचं दुखणं वेगळं. सोयाबीन सोंगून ढीग लावलेला आणि परतीचा पाऊस आला की मळणी यंत्र वावरापर्यंत पोचत नाही. ढीग ताडपत्रीखाली गरम होतो, दाणे काळे पडतात. मालाला भाव नाही म्हणून आपण सगळे ओरडतो, आणि ओरडायलाच पाहिजे. पण माल बाजारात न्यायला वाट नाही यावर कोणी ओरडत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे या. अमरावती ते अकोला हायवेचं काम तुम्ही ऐकलं असेल. जून २०२२ मध्ये तिथे ७५ किलोमीटरच्या एका लेनवर सलग डांबरीकरण झालं, १०५ तास ३३ मिनिटांत. ७२० माणसं पाळीपाळीने राबली. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, २०१९ चा, २५ किलोमीटरचा. आपण तो तिप्पट फरकाने मोडला. मला त्याचा अभिमान आहे, उगाच खोटं कशाला बोलू. अमेरिकेला जायच्या आधी त्या रस्त्याने गेलो तेव्हा पोटातलं पाणी हललं नाही.

पण तो रस्ता सोडून गावच्या फाट्याला वळा, गावात पोचा आणि मग वावराकडे निघा. जगाचा विक्रम मोडणारा रस्ता आणि ज्या पांदणीत चप्पल रुतते ती पांदण, यांच्यात अंतर फार नाही. पाच दिवसांत ७५ किलोमीटर करणाऱ्या देशाला सव्वा किलोमीटर पन्नास वर्षांत जमत नाही? तंत्रज्ञान नाही असं कोणी म्हणू शकेल का? मशीन नाही असं?

मलाही तेव्हा वाटलं होतं की मशीनचाच प्रश्न आहे. इथून माझी फजिती सुरू होते.

२०२४ मध्ये मी परत आलो, पुण्यात नवीन नोकरी लागली. जूनच्या शेवटी गावाला गेलो, खिशात पैसे होते आणि डोक्यात मिनेसोटा. एटीव्ही काही मिळणार नव्हती, म्हणून ट्रॅक्टर भाड्याने घेतला, मागे जमीन सपाट करायचं ब्लेड. ड्रायव्हरला म्हटलं, वरचा चिखल ढकलून बाजूला लाव, खाली घट्ट जमीन लागेल. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, खाली बी हेच हाये."

मी ऐकलं नाही. दोन तासांचे पैसे मोजले. ब्लेडने वरचा थर निघाला, कडेला ढीग लागले, आणि मधे पन्नास मीटर लांब एक सुंदर, सरळ नाली तयार झाली. संध्याकाळी पाऊस आला. सकाळी तिथे गुडघाभर पाणी होतं. पूर्वी लोक निदान कडेकडेने चिखलातून जात होते, आता कडेला ढीग आणि मधे तळं. त्या वर्षी आमच्या पांदणीला गावाने 'अमेरिका' असं नाव ठेवलं. अजून आहे. 'अमेरिकेतून आला काय?' असं पाय भरलेल्या माणसाला विचारतात. :(

बाबा एवढंच म्हणाले, "तिकडचा बर्फ उन्हाळ्यात इरघयते. आपला चिखल वाळला का गोटा होते."

अख्ख्या चार वर्षांच्या डिग्रीत मला न सुचलेली गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली. बर्फ ही वरून आलेली, रस्त्यावर बसलेली वस्तू आहे. खाली डांबर आहेच. ते उघडं करायचं एवढंच काम. चिखल वरून आलेला नसतो. चिखल म्हणजे रस्ताच. काळ्या मातीतली चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. तिला ढकलून काही साध्य होत नाही, पाणी तिच्यापासून लांब ठेवावं लागतं. म्हणजे काय, तर दोन्ही बाजूंनी नाल्या खोदायच्या, त्यातली माती मधे टाकून रस्ता आजूबाजूच्या वावरांपेक्षा उंच करायचा, मधे फुगवटा ठेवायचा म्हणजे पाणी कडेला उतरेल, दाबायचं, आणि मग वर खडी-मुरूम. मुरूम आमच्या गाळाच्या पट्ट्यात जवळ मिळत नाही, दुरून आणावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. पण नुसत्या नाल्या आणि उंचवटा झाला तरी अर्धं काम होतं.

आणि नाल्यांना लागते रुंदी. इथेच सगळं अडतं.

आमची पांदण आज कुठेही मोजा, नऊ फुटांच्या वर भरत नाही. त्यात नाली कुठे खोदणार? मी तलाठ्याकडून गावनकाशा मिळवला. (महाभूनकाशावर घरबसल्या गटांचे नकाशेही बघता येतात, एकदा बघाच.) नकाशात आमची पांदण दोन तुटक रेषांनी दाखवली आहे. एक तुटक रेष म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. म्हणजे कमीत कमी साडेसात फूट रस्ता कुठेतरी गेला आहे.

कुठे गेला? रस्ता काही उडून जात नाही. मी टेप घेऊन धुऱ्यावर उभा राहिलो. आमच्या समोरच्या काकांच्या बाजूने साडेतीन फूट आत आलं होतं. आणि आमच्या बाजूने चार.

हो, आमच्या बाजूने जास्त.

कोणी एका दिवसात केलं नाही हे. आजोबांनी वखरताना एक तास पुढे नेलं असेल, बाबांनी एक. धुऱ्यावर गवत वाढतं, ते काढताना धुरा वीतभर सरकतो. दरवर्षी थोडं थोडं. दादाच्या ड्राइव्हवेच्या कडेचा बर्फ जसा हिवाळाभर आत आत येत जातो, तसंच. फरक इतकाच की तिथे एप्रिलमध्ये तो वितळतो.

आता पुन्हा हिशोब. चार फूट रुंद, आमच्या वावराची पांदणीकडची लांबी सहाशे फूट. म्हणजे २४०० चौरस फूट. दादाचा अख्खा ड्राइव्हवे! गुंठ्यात सव्वादोन. कोरडवाहू कापूस एकरी आठ क्विंटल धरला तर एवढ्या तुकड्यात ४४ किलो. क्विंटलला सात हजार भाव धरा, तीन हजार रुपये. त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचाई वजा करा. हातात काय राहतं ते तुम्हीच बघा. एवढ्यासाठी बाबा ५० किलोचं पोतं डोक्यावर नेत होते, आणि एवढ्यासाठी त्यांची कंबर गेली.

मी हा हिशोब कागदावर मांडून बाबांना दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोडतो म्या. पयले त्यायले सोडू दे."

मी समोरच्या काकांकडे गेलो. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं. मग ते म्हणाले, "सोडतो ना बाप्पा. पयले तुया बापाले सोडू दे."

ज्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर दिला आहे त्यांना हे ओळखू येईल. डेडलॉक. दोन प्रोसेस, दोघांनी एकेक गोष्ट धरून ठेवलेली, दोघेही दुसऱ्याने सोडायची वाट बघतायत. पुस्तकात याच्यावर चार उपाय दिले आहेत. त्यातला एकही वऱ्हाडात चालत नाही. :)

तुम्ही म्हणाल, हे सगळं सरकारने करायचं. मला मान्य आहे, आणि सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. २०१८ मध्ये पालकमंत्र्यांच्या नावाने पाणंद रस्त्यांची योजना आली, २०२१ मध्ये रोजगार हमीचे पैसे जोडून मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. मे २०२५ मध्ये महसूल खात्याचा निर्णय झाला, की शेतरस्ता निदान तीन-चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात व्हावी. कायदा तर फार जुना आहे. असलेली वाट कोणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा. धुऱ्यावरून नवीन वाट पाहिजे असेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३. कागदाला कमी नाही. पण योजनेचा जेसीबी पांदणीच्या तोंडाशी येतो, कोणीतरी आडवा उभा राहतो, 'माझ्या वावरातून नाही', आणि जेसीबी परत जातो. तहसीलदाराकडे केस केली तर शेजाऱ्याशी बोलणं बंद होतं, आणि ते सुरू व्हायला कधीकधी एक पिढी जाते. म्हणून कोणी केस करत नाही आणि सगळे चिखलात चालतात.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. दोन एकरवाल्याला दोन गुंठे म्हणजे थोडे नाहीत. पगारदार पोराने पुण्यातून येऊन त्यागाचं प्रवचन द्यायचं आणि सोमवारी निघून जायचं, हे चांगलं दिसत नाही. आणि मिनेसोटा काही स्वर्ग नाही. तिथे जमीन अफाट आहे, एटीव्हीला पैसे लागतात, आणि दादाच्या गल्लीतले ऐंशीच्या घरातले एक आजोबा फावडं घेऊन एकटे बर्फ काढताना मी पाहिलेत. बर्फ काढताना हार्ट अटॅक येऊन माणसं जातात तिथे. नियम आहे म्हणून बर्फ आपोआप हटत नाही. दादा आपलं झालं की एटीव्ही तशीच त्या आजोबांच्या ड्राइव्हवेत घालायचा. ते कुठल्या नियमात नव्हतं.

म्हणूनच माझं म्हणणं एवढंच आहे. आपण शहरात राहणारी, गावाकडे आईवडील असलेली पोरं दिवाळीला घरी जातो तेव्हा काहीतरी वस्तू घेऊन जातो. मिक्सर, इन्व्हर्टर, बॅटरीवरचा फवारणी पंप. जमलं तर पॉवर टिलर, मिनी ट्रॅक्टर. मशीन घेणं सोपं असतं. ईएमआय भरला की आपलं कर्तव्य संपलं. पण मशीन चालायला आधी वाट लागते, आणि वाट विकत मिळत नाही. ती दोघांनी मिळून मोकळी करावी लागते. त्यासाठी टेप लागते, नकाशा लागतो, आणि आपल्या बापाला 'आपल्याच बाजूने जास्त आत आलंय' हे सांगायची हिंमत लागते. अप्रेझलमध्ये मॅनेजरला तोंडावर बोलण्यापेक्षा हे अवघड आहे. दोन्ही करून पाहिलंय म्हणून सांगतो.

आमच्या पांदणीचं पुढे काय झालं? डेडलॉक सुटला तो साध्या उपायाने. गेल्या एप्रिलमध्ये बाबा आणि समोरचे काका, दोघेही एकाच सकाळी, एकाच वेळी, आपापल्या धुऱ्यावर कुदळ घेऊन उभे राहिले. मी मधे टेप धरून. दोघांनी एकदमच पहिला घाव घातला. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. हसू नका, खरंच असंच करावं लागलं. नंतर जेसीबी आणला, खर्च निम्मा-निम्मा. दोन्ही बाजूंनी नाल्या, मधे उंचवटा. मुरूम अजून पडायचा आहे.

आणि हे फक्त आमच्या सहाशे फुटांचं. त्याच्या पुढेमागे अजून तेरा जणांची वावरं आहेत, तिथे चिखल तसाच आहे. पण आमच्या वावराचा तुकडा गावाच्या बाजूला आहे, त्यामुळे निदान पहिले सहाशे फूट पोतं डोक्यावर घ्यावं लागत नाही. जुलैमध्ये बाबांनी व्हिडिओ पाठवला. पाऊस पडून गेलेला, नालीतून पाणी वाहतंय, आणि बंडी भरलेली, चाकं न रुतता जातायत. मागून बाबांचा आवाज, "दादाले पाठव हे. म्हणा, आमची बी साफ हाये."

पाठवला. दादाने उत्तर दिलं, "पुढचे तेरा जण?"

त्यातल्या दोघांनी आमच्याकडून टेप मागून नेली आहे. अजून परत केलेली नाही. मी मागितलेलीही नाही.